सिगार सुटली नाही, तोंड मात्र मिटत गेले

मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड स्वतः डॉक्टर होते. १८५६ मध्ये जन्मलेले फ्रॉइड व्हिएन्नात शिकले, तिथेच नावारूपाला आले. दिवसाला वीसेक सिगार ओढण्याची त्यांची सवय होती. तिचे धोके ठाऊक असूनही ती सुटली नाही.

१९२३ मध्ये त्यांच्या तोंडात उजव्या बाजूला, टाळूजवळ गाठ आढळली. एप्रिलमध्ये ती काढली. ती कर्करोगाची होती. जवळच्या डॉक्टरांनी मात्र हे त्यांच्यापासून काही काळ लपवले. त्याच वर्षी हान्स पिक्लर या शल्यविशारदांनी मोठी शस्त्रक्रिया करून वरच्या जबड्याचा व टाळूचा मोठा भाग आणि खालच्या जबड्याचाही काही भाग काढला. तोंड आणि नाक यांमधला पडदाच गेला. त्या जागी कृत्रिम टाळू बसवावी लागली. ती सतत टोचे, बोलणे अस्पष्ट होई, जेवताना हाल होत.

जबड्याचा सांधा कानाच्या अगदी पुढे असतो. चावण्याचे स्नायू त्याला हलवतात. शस्त्रक्रिया आणि किरणोपचारांनंतर हे स्नायू व्रणामुळे आवळतात, मग सांधाही आखडतो. फ्रॉइड यांचे तोंड नीट उघडेना. सिगार दातांत धरता यावी म्हणून ते कपड्यांच्या चिमट्याने जबडा फाकवत! उजव्या कानाने ऐकू येईनासे झाले, तेव्हा रुग्णाचा कोच डाव्या बाजूला घेतला. सोळा वर्षांत तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, तरी रुग्ण तपासणे आणि लेखन चालूच राहिले. नाझींमुळे १९३८ मध्ये त्यांना लंडन गाठावे लागले. २३ सप्टेंबर १९३९ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले.

आपल्या जळगाव-धुळ्याकडे सिगार नाही, पण गुटखा, सुपारी आणि चुना लावून मळलेली तंबाखू आहे. राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, सवय मात्र गेली नाही. सुपारीने गालाच्या आतले अस्तर कडक होते आणि शस्त्रक्रिया न होताच तोंड मिटू लागते. पुढे तिथेच कर्करोग होऊ शकतो.

तोंड न उघडण्याचे प्रत्येक कारण गंभीर नसते. जबड्याचा सांधा ताणाने किंवा रात्री दात खाण्यानेही दुखतो. परीक्षा सोपी आहे: आपलीच तीन बोटे एकावर एक ठेवून पुढच्या दातांमध्ये घालून पाहावीत. ती मावत नसतील, तिखट झोंबत असेल किंवा जखम दोन आठवड्यांत भरत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे. आणि पुडी त्याच दिवशी सोडावी.