विश्लेषण : बटाट्यातील ‘सायटोक्रोम सी’ शोधणाऱ्या कमला सोहोनी कोण? रेडॉक्स पोटेन्शियल म्हणजे काय?

वनस्पतीही श्वसन करतात. त्यांच्या पेशींत इलेक्ट्रॉन ऑक्सिजनपर्यंत कसा पोहोचतो, याचा महत्त्वाचा दुवा जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी (१९११-१९९८) यांना केंब्रिजमध्ये सापडला, तोही बटाट्यात.

प्रवेश का नाकारला?

इंदूरमध्ये जन्मलेल्या कमला या माहेरच्या भागवत. लेखिका दुर्गा भागवत यांच्या भगिनी. १९३३ मध्ये त्या मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. झाल्या. वडील आणि काका बंगळूरुच्या ज्या संस्थेत (आजची आयआयएस्सी) शिकले, तिथेच त्यांनी अर्ज केला. केवळ मुलगी म्हणून संचालक सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला. कमला हटल्या नाहीत. अखेर वर्षभराच्या अटीवर प्रवेश मिळाला. दूध आणि डाळींतील प्रथिनांवर संशोधन करून १९३६ मध्ये त्यांनी एम.एस्सी. मिळवली. त्यांचे काम पाहून संस्थेची दारे इतर मुलींसाठीही उघडली.

रेडॉक्स पोटेन्शियल कसे मोजतात?

एखादा पदार्थ इलेक्ट्रॉन किती जोराने ओढतो, हे रेडॉक्स पोटेन्शियल सांगते. द्रव नमुन्यात प्लॅटिनमचा इलेक्ट्रोड आणि स्थिर विद्युतदाबाचा संदर्भ इलेक्ट्रोड बुडवून दोहोंतील फरक मिलिव्होल्टमध्ये मोजतात. आकडा जितका जास्त, तितकी ओढ जास्त. सोबत संदर्भ इलेक्ट्रोड आणि पीएच नोंदवला नाही, तर दोन नमुन्यांची तुलना करता येत नाही.

बटाट्यात काय सापडले?

केंब्रिजमध्ये डेरेक रिक्टर आणि नंतर रॉबिन हिल यांच्याकडे काम करताना कमला यांना वनस्पतीच्या पेशींत ‘सायटोक्रोम सी’ हे प्रथिन आढळले. त्यातील लोह इलेक्ट्रॉन घेते आणि पुढे देते. पीएच ७ असताना प्रमाण हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत एनएडीएचचे पोटेन्शियल सुमारे उणे ३२०, सायटोक्रोम सीचे अधिक २५० आणि ऑक्सिजनचे अधिक ८२० मिलिव्होल्ट असते. इलेक्ट्रॉन या क्रमाने सरकतो आणि पेशीला टप्प्याटप्प्याने ऊर्जा मिळते. प्राण्यांत माहीत असलेला हा टप्पा वनस्पतींतही आहे, हे यातून दिसले. १९३९ मध्ये त्यांना पीएचडी मिळाली. प्रबंध जेमतेम ४० पानांचा होता.

पुढे काय केले?

परतल्यावर दिल्ली आणि कुन्नूर येथे काम करून १९४७ मधील विवाहानंतर त्या मुंबईत आल्या. इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केले. त्याला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. ज्यांना एकेकाळी प्रवेशासाठी झगडावे लागले, त्याच पुढे या मुंबईच्या संस्थेच्या संचालक झाल्या.