गोंडी शिकलेले साहेब

स्मरणिकेसाठी प्रत्येकाने एका थोर माणसाबद्दल लिहायचे ठरले, तेव्हा संत आणि पुढारी पहिल्याच दिवशी वाटले गेले. मी सेतुमाधवराव पगडी मागून घेतले. तहसील कचेरीत दप्तरे लावण्यात नोकरी गेलेल्या माणसाने दुसरे कोण निवडावे?

पगडींचा जन्म २७ ऑगस्ट १९१० चा, निलंग्याचा. निजामाचा मुलूख, घरी मराठी, कचेरीत उर्दू. पुढे ते हैदराबाद संस्थानच्या मुलकी सेवेत गेले. त्यांना सतरा भाषा येत असे सांगतात. मला त्यांतल्या दोनच मोठ्या वाटतात, गोंडी आणि कोलामी. फारसी शिकून नाव मिळते. गोंडी शिकून त्या काळी अधिकाऱ्याला काय मिळणार होते?

आदिलाबादचे जंगल सरकारने राखीव केले आणि गोंडांची शेते त्यात गेली. १९४० साली जोडेघाटला कोमराम भीम पोलिसांच्या गोळीने मारला गेला. मग निजाम सरकारने हायमेनडॉर्फ या मानवशास्त्रज्ञाला चौकशीला पाठवले. १९४३ मध्ये मारलवाईला गोंड शिक्षक घडवण्याचे केंद्र निघाले, गोंडीची वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली. हे काम पुढे नेणाऱ्या अधिकाऱ्यांत पगडी होते. गोंडांना जमिनीचे पट्टे मिळवून देणे हा त्यातला खरा कस होता, कारण समोर सावकार आणि वतनदार होते. जबाब दुभाष्यामार्फत घेतला की अर्धा वाटेतच सांडतो, हे मी कचेरीत रोज पाहिले आहे. पगडींना दुभाष्या लागत नव्हता. त्यांनी दोन्ही भाषांची व्याकरणेही लिहिली.

हे सारे प्राणहितेच्या पलीकडचे. अलीकडे आपण. आपल्या वर्गात कोणी चुकून माडियात बोलले की कसा हशा पिकायचा, आठवते ना?

१९५६ ला राज्यांची फेरमांडणी झाली आणि पगडी मुंबईला आले. साठच्या दशकात ते राज्याच्या गॅझेटिअर विभागाचे कार्यकारी संपादक व सचिव होते. इंग्रजांनी केलेली जिल्ह्याजिल्ह्यांची गॅझेटिअरे नव्याने लिहिण्याचे ते काम. इतिहास, नद्या, पिके, जाती-जमाती, जत्रा, सगळे तपासून सरकारच्या शिक्क्यानिशी छापायचे. दिवसा हे, आणि फावल्या वेळात मोगल दरबाराची बातमीपत्रे फारसीतून मराठीत. शिवकाळाचे अभ्यासक म्हणूनच लोक त्यांना ओळखतात. माझ्या मते हा थोडा अन्याय आहे.

आपला जुना चांदा जिल्हा १९०९ च्या गॅझेटिअरात आहे, सुधारित चंद्रपूरचा ग्रंथ १९७३ चा. दोन्ही इंग्रजीत, म्हणून कपाटात. पण वनहक्क कायद्याच्या २००८ च्या नियमांत पुराव्यांची यादी आहे, तिच्यात गॅझेटिअरचे नाव आहे. म्हणजे कुणा सरकारी इतिहासकाराने एखाद्या डोंगराबद्दल दोन ओळी लिहिल्या असतील, तर त्या ग्रामसभेच्या दाव्याला जोडता येतात. लिहिल्या नसतील तर दावा तेवढा उघडा पडतो. सूरजागडावर २००७ साली लोहखनिजासाठी ३४८ हेक्टरांचा पट्टा दिला गेला. त्याच डोंगरावर जानेवारीत ठाकूरदेवाची जत्रा भरते. कागदात खनिज मोजून लिहिलेले असते. देवाला मोजमाप नाही, त्याची नोंद भाषा जाणणाराच करू शकतो. पगडींसारखा अधिकारी नदीच्या या काठावर दहा वर्षे राहिला असता तर, असे मला वरचेवर वाटते.

१९९२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले, १४ ऑक्टोबर १९९४ रोजी ते गेले. ‘जीवनसेतू’ हे त्यांचे आत्मचरित्र मिळाले तर वाचा.

आणि एक. त्याच नियमांत वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा धरला आहे. ज्यांच्या घरी अजून आजोबा-आजी आहेत त्यांनी तो माडियातच, देवनागरीत उतरवून घ्यावा. कागद मी देतो.