नेव्हिल डिसोझा : तीन गोलांच्या अलीकडे आणि पलीकडे

एक साधा प्रश्न. ऑलिंपिकमध्ये फुटबॉलची हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई खेळाडू कोण? जपानचा? कोरियाचा? इराणचा? आमच्या मजल्यावर मी पंधरा-वीस जणांना हा प्रश्न विचारून पाहिला. मेस्सीचे गोल सगळ्यांना तोंडपाठ, पण याचं उत्तर एकालाही आलं नाही. उत्तर आहे नेव्हिल डिसोझा. जन्म गोव्यातला आणि खेळ मुंबईतला. म्हणजे अगदी आपल्याच भागातला माणूस!

मी मूळचा पिंपळवंडीचा. आमच्या जुन्नर तालुक्यात पोरगं पळायला लागलं की कबड्डी नाहीतर कुस्ती, आणि त्यातून वेळ उरला तर टेनिस बॉलचं क्रिकेट. फुटबॉलची चटक मला इथे होस्टेलच्या टीव्ही रूममध्ये लागली. रात्र रात्र जागून युरोपातले सामने बघताना सारखं वाटायचं, की यात आपलं असं कोणीच नाही का? त्या शोधात हे नाव सापडलं आणि मग सोडवेना.

नेव्हिलचा जन्म ३ ऑक्टोबर १९३२ चा, गोव्याच्या बार्देश तालुक्यातल्या आसगावचा. तेव्हा गोव्यावर पोर्तुगिजांचं राज्य होतं. गोव्यातली माणसं पोटापाण्यासाठी मुंबई गाठायची. कोणी बोटीवर, कोणी हॉटेलात, कोणी बँडमध्ये. धोबीतलावच्या बाजूला तर गोव्यातल्या गावागावांच्या ‘कूड’ होत्या. कूड म्हणजे काय, तर गावकऱ्यांनी चालवलेलं होस्टेलच समजा! या गोवेकरांनी मुंबईत तीन गोष्टी नेल्या असं म्हणायला हरकत नाही : पाव, संगीत आणि फुटबॉल.

आता त्या काळच्या फुटबॉलची थोडी व्यवस्था समजून घेऊ, कारण त्याशिवाय नेव्हिल समजत नाही. आजच्यासारखे करोडोंचे लिलाव तेव्हा नव्हते. मुंबईत हार्वुड लीग चालायची. १९०२ पासूनची ही स्पर्धा. रोव्हर्स कप तर त्याहून जुना, १८९१ चा. मुख्य मैदान कूपरेज. आणि संघ कोणाचे? तर कंपन्यांचे! टाटा, कॅल्टेक्स आणि पुढे मफतलाल, महिंद्रा, एअर इंडिया. खेळाडू कंपनीच्या नोकरीत असायचा आणि संध्याकाळी मैदानावर. आपल्याला कॅम्पस इंटरव्ह्यूला जशी कंपनी हवी असते, तशी त्या काळच्या खेळाडूला नोकरी देणारी कंपनी हवी असायची. गोल केले तर टाळ्या, पण घर चालायचं ते पगारावर.

नेव्हिल टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळायचा. जागा आघाडीची. म्हणजे काम एकच, गोल मारणे. पावसाळ्यातल्या चिखलात, जड झालेल्या चामड्याच्या चेंडूने, अंगावर येणाऱ्या बचावपटूंना चुकवत. १९५४-५५ च्या मोसमात मुंबईने सर्व्हिसेसला हरवून संतोष ट्रॉफी जिंकली, ती याच पिढीच्या जोरावर.

मग आलं १९५६ चं मेलबर्न ऑलिंपिक. त्याआधीची गोष्ट माहीत हवी. १९५२ ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं धुतलं होतं. थंडीत, ओल्या मैदानावर आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळत होते! त्यानंतर बूट सक्तीचे झाले. हैदराबादचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी संघ नव्याने बांधला. कर्णधार बद्रू बॅनर्जी, सोबत पी. के. बॅनर्जी, बलराम, किट्टू आणि पुढे आपला नेव्हिल.

हंगेरीने माघार घेतली आणि आपली गाठ थेट यजमान ऑस्ट्रेलियाशी पडली. तारीख १ डिसेंबर. नवव्या मिनिटाला नेव्हिलचा गोल. ऑस्ट्रेलियाने बरोबरी केली. तेहतिसाव्या मिनिटाला पुन्हा नेव्हिल. पुन्हा बरोबरी! दुसरा कोणी असता तर खांदे पडले असते. पण मध्यंतरानंतर पन्नासाव्या मिनिटाला नेव्हिलचा तिसरा. हॅटट्रिक! शेवटी किट्टूने एक भर घातली आणि ४-२. यजमान घरच्या मैदानावरच स्पर्धेबाहेर.

उपांत्य फेरीत समोर पुन्हा तोच युगोस्लाव्हिया. आणि काय सांगू, पहिला गोल कोणाचा? नेव्हिलचाच! चार वर्षांपूर्वी दहा गोल घालणाऱ्या संघाविरुद्ध आपण १-० ने पुढे होतो. ही आघाडी काही मिनिटंच टिकली, शेवटी ४-१ ने हरलो. कांस्यपदकाचा सामनाही बल्गेरियाने ३-० ने घेतला. पदक हुकलं. पण चार गोलांसह नेव्हिल स्पर्धेतल्या सर्वाधिक गोल करणाऱ्यांत बरोबरीने पहिला होता. एक गोष्ट लक्षात घ्या. गोवा मुक्त झाला १९६१ च्या डिसेंबरात. म्हणजे नेव्हिल भारताच्या जर्सीत हे गोल मारत होता, तेव्हा त्याच्या जन्मगावावर परकीय झेंडा होता!

परत आल्यावर काय? तर पुन्हा नोकरी, पुन्हा लीग. पुढे तो कॅल्टेक्सकडे गेला आणि १९५८ ला कॅल्टेक्सने रोव्हर्स कप जिंकला. १९६१ ला अर्जुन पुरस्कार सुरू झाले. फुटबॉलचा पहिला पुरस्कार पी. के. बॅनर्जींना मिळाला, तो योग्यच होता. नेव्हिलला मात्र तो कधीच मिळाला नाही. मार्च १९८० मध्ये तो गेला. वय फक्त ४७.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते पुढचं. ज्या व्यवस्थेने नेव्हिल घडवला ती एकेक करून विरघळली. कॅल्टेक्सचं राष्ट्रीयीकरण होऊन ती हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाली. महिंद्राचा संघ २०१० ला बंद पडला. रोव्हर्स कपही नव्या शतकाच्या सुरुवातीला थांबला. मेलबर्नचे तीन गोल जागतिक स्पर्धेतले म्हणून कागदावर टिकले. पण ज्या शेकडो संध्याकाळी कूपरेजवर त्याने पाय घडवला, त्या आठवणारी माणसं आता किती उरली असतील? मेलबर्नचा नेव्हिल आकाशातून पडला नव्हता, तो मुंबईच्या लीगमधून आला होता. मोठी स्पर्धा खेळाडूला फक्त दाखवते, घडवते ती रोजची छोटी मॅच.

म्हणून जाता जाता जिमखान्याकडे एक मागणी. आपल्या आंतरविभागीय सामन्यांचे गोल फळ्यावर खडूने लिहिले जातात आणि दुसऱ्या दिवशी पुसले जातात. त्यासाठी एक साधी वही घाला. तारीख, संघ, गोल कोणी मारला, बस्स. खर्च वीस-तीस रुपये. आपल्यातला कोणी पुढे काय होईल, हे आज कोणाला ठाऊक?