चित्रात उरलेला पक्षी

बारावीनंतर तुम्ही ॲडमिशनच्या याद्या बघत होतात ना? त्या वयात गेऑर्ग फोर्स्टर कॅप्टन कुकच्या ‘रिझोल्युशन’ जहाजावर चढला. जुलै १७७२. वय सतरा.

नोकरी खरं तर वडिलांची. जोसेफ बँक्स यांनी ऐनवेळी माघार घेतली आणि मोहिमेचे निसर्गअभ्यासक म्हणून योहान फोर्स्टर यांची वर्णी लागली. चित्रं काढायला त्यांनी मुलाला सोबत घेतलं. वडील प्रचंड विद्वान आणि तेवढेच तापट, जहाजावर कुणाशीच पटेना. पोराला याची सवय होती. दहाव्या वर्षी तो त्यांच्याबरोबर रशिया फिरून आला होता. पुढे इंग्लंडमध्ये घरात पैशांची चणचण, म्हणून कोवळ्या वयातच भाषांतरं करायला लागला.

पक्ष्याचं चित्र काढणं म्हणजे निवांत बसून रंगवणं नव्हे. कॅमेरा नाही, त्यामुळे पक्षी आधी मारायचा. मेल्यावर त्याच्या डोळ्यांचा, चोचीचा, पायांचा रंग भराभर उडतो. तो जायच्या आत कागदावर यायला हवा, तेही डुलणाऱ्या जहाजावर. जानेवारी १७७३मध्ये हे जहाज अंटार्क्टिक वृत्ताच्या पलीकडे गेलं. चहूकडे बर्फ, अंगात स्कर्व्ही. तरी काम चालूच.

१ जून १७७४ ही तारीख लक्षात ठेवा. ताहितीजवळच्या रायाटेआ बेटावर गेऑर्गने एक तपकिरी पक्षी रंगवला. इतका साधा, की रंगीत पोपटांच्या नादात आपण त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नसतं. पुढे कुठल्याही अभ्यासकाला तो त्या बेटावर सापडला नाही. इंग्लंडला नेलेला नमुनाही हरवला. तो कस्तुराच्या कुळातला की मैनेच्या, यावर अजून वाद आहे. वाद घालायला हाताशी काय, तर जुनी वर्णनं आणि हे एकच चित्र! दोन महिन्यांनी तान्ना बेटावर काढलेल्या कबुतराचीही तीच गत.

१७७५मध्ये जहाज परतलं आणि नौदल खात्याशी वडिलांचं बिनसलं. प्रवासवर्णन लिहायचं नाही, असं त्यांना बजावलं गेलं. पण मुलावर बंदी नव्हती! गेऑर्गने दोन खंड लिहून काढले आणि १७७७मध्ये कुकच्या पुस्तकाच्या काही आठवडे आधी बाजारात आणले. तेव्हा तो बावीसचा. (मीही बावीसचाच. माझी आतापर्यंतची सगळ्यात मोठी बातमी दोनशे शब्दांची.) गंमत म्हणा किंवा क्रूर थट्टा, चित्रकाराच्या या पुस्तकात पक्ष्याचं एकही चित्र नाही. पैशांसाठी ती चित्रं आदल्याच वर्षी बँक्सना विकावी लागली होती.

पुढे कासेल, विल्नियसमध्ये प्राध्यापकी, माइन्झला ग्रंथपाल. १७९१मध्ये त्याने कालिदासाचं ‘शाकुंतल’ इंग्रजीवरून जर्मनमध्ये नेलं. ते वाचून गटे भारावला होता, हे तुम्ही शाळेत ऐकलं असेल. त्यामागचा अनुवादक हा.

मग फ्रेंच राज्यक्रांतीच्या बाजूने तो उघडपणे उभा राहिला. माइन्झच्या प्रजासत्ताकाचा प्रतिनिधी म्हणून १७९३मध्ये पॅरिसला गेला, तेवढ्यात माइन्झ पुन्हा प्रशियाच्या ताब्यात गेलं. परतीची वाट बंद. बायको-मुलं दुरावलेली. जानेवारी १७९४मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी तो तिथेच आजारपणात गेला. वडील त्यानंतरही चार वर्षांहून जास्त जगले.

त्याची चित्रं आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत. १ जूनचा तो तपकिरी पक्षीही त्यांत आहे.