चांदणे, भेकर आणि जिम कॉर्बेट

आमच्या गावाकडे ज्वारी राखणारे म्हातारे सांगतात, की टिपूर चांदण्यात हरीण पिकात उतरत नाही, ते येते अंधाऱ्या पंधरवड्यात. जुने शिकारीही म्हणे तिथी पाहूनच निघत. जिम कॉर्बेटचे चरित्र वाचताना हा प्रश्न सारखा माझ्या मनात होता.

कॉर्बेट १८७५ मध्ये नैनितालला जन्मला. पोस्टमास्तर असलेले वडील १८८१ मध्येच वारले. हिवाळ्यात हे कुटुंब खाली कालाढुंगीला, जंगलाच्या काठी राही. तेथे या मुलाने भेकर, चितळ आणि सांबर यांची बोली आत्मसात केली. वाघ वा बिबळ्या दिसताच भेकर भुंकते. ते कोठून व किती वेळ भुंकले, यावरून तो वाघाची वाट ओळखी. कॉलेजची पायरी न चढलेल्या, मोकामा घाटावर वीसेक वर्षे रेल्वेचा माल उतरवून घेणाऱ्या या माणसाचे हेच खरे पंचांग! (आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, म्हणून मला याचे विशेष वाटते.) ४३६ माणसे मारणारी चंपावतची वाघीण त्याने १९०७ मध्ये दिवसाढवळ्या, गावकऱ्यांच्या हाक्यात मारली. तेथे चंद्राचा संबंधच आला नाही.

रुद्रप्रयागला मात्र आला. तेथील बिबळ्याने १९१८ ते १९२६ या काळात १२५ बळी घेतले. केदार-बदरीच्या वाटेवरची गावे सूर्यास्तालाच दारे लावून घेत. बिबळ्याला अंधारातही दिसे; बंदुकीचा नेम धरायला चांदणे लागे ते माणसाला. कॉर्बेटने कित्येक रात्री झाडावर जागून काढल्या. अखेर २ मे १९२६ च्या रात्री, पौर्णिमा उलटून चार-पाच दिवस झालेले, चंद्र अजून वर आलेला नाही, अशा काळोखात खाली बांधलेल्या शेळीची घंटा वाजली. बॅटरीचा झोत क्षणभर पडला आणि एकाच गोळीत बिबळ्या संपला.

अलीकडे अमेरिकेत हरणांच्या गळ्यात यंत्राचे पट्टे अडकवून केलेल्या अनेक पाहण्यांतही त्यांची वर्दळ पहाटे व सांजेला अधिक आढळली. चंद्रकलेचा परिणाम थोडाच दिसला. तरी आमचे म्हातारे अगदीच चुकत नसावेत. चांदण्यात राखणदाराला हरीण दिसते, तसा हरणालाही राखणदार दिसतो.

उतारवयात कॉर्बेटने बंदुकीपेक्षा कॅमेरा अधिक हाताळला. १९४७ मध्ये बहीण मॅगीसह तो केनियाला गेला आणि १९५५ मध्ये न्येरी येथे वारला.