सर विश्वेश्वरय्या आणि पाण्याची वाटणी

आपल्या नियतकालिकाच्या कन्नड विभागाला सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांची ओळख करून देण्याची गरज नाही. म्हैसूरचे दिवाण व कृष्णराजसागराचे शिल्पकार म्हणून कन्नड वाचक त्यांना आपले मानतात. परंतु त्यांच्या कर्तृत्वाचा पाया महाराष्ट्रात घातला गेला आणि त्याचा एक धागा ग्वाल्हेरपर्यंत पोहोचला, हे मराठी विद्यार्थ्यांनीही जाणून घ्यावे असे मला वाटते. मी मूळचा मुरारचा. लष्कर, ग्वाल्हेर आणि मुरार मिळून झालेले आमचे शहर पिण्याच्या पाण्यासाठी सांक नदीवरील तिघरा धरणावर विसंबून असते. त्या धरणाच्या निमित्तानेच मी या चरित्राकडे वळलो.

विश्वेश्वरय्यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६१ रोजी मुद्देनहळ्ळी येथे झाला. वडील लवकर वारले. शिकवण्या करून त्यांनी बंगळूरात पदवी मिळवली आणि म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले. तेथून १८८३ साली अभियंता होऊन बाहेर पडल्यावर १८८४ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. नाशिक, खानदेश, सिंध, पुणे असा त्यांचा प्रवास झाला.

१८९९ मध्ये पुण्याला नेमणूक झाली, तेव्हा मोठा दुष्काळ सुरू होत होता. संवत १९५६ चा म्हणून मध्य हिंदुस्थानात ज्याला छप्पनिया म्हणतात, तोच हा दुष्काळ. खडकवासल्याच्या तलावात पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात तुटवडा पडे. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दारे बसवण्याची योजना आखली. पाणी ठराविक पातळीवर चढले की दारे आपोआप उघडत आणि उतरले की मिटत. धरणाची भिंत न वाढवता साठा वाढला. १९०३ साली बसवलेली ही दारे पुढे तिघरा येथे आणि नंतर कृष्णराजसागरावरही वापरण्यात आली.

परंतु मला त्यांचे दुसरे काम अधिक मोलाचे वाटते. नीरा कालव्याच्या तोंडाशी असलेल्या थोड्या गावांतील बागायतदार उसासाठी भरमसाट पाणी घेत. त्यामुळे त्यांच्याच जमिनी पाणथळ होत आणि खालच्या गावांतील ज्वारी-बाजरी मात्र कोरडी राही. यावर विश्वेश्वरय्यांनी गटवार पाणीवाटपाची पद्धत सुचवली. प्रत्येक गावाच्या वाट्याला जमिनीचा ठराविक गट यावा, त्यातील एका भागात ऊस, एका भागात भात आणि एका भागात कमी पाण्याची पिके आलटून पालटून घ्यावीत, अशी ती रचना होती. पाणी तेवढेच, पण त्यावर जगणारी गावे अधिक, असा त्यामागील हिशेब होता.

या योजनेला कडाडून विरोध झाला. ज्यांच्या शेतात पाणी होते त्यांना ते सोडवेना. सरकारच्या हेतूविषयीही लोकांना शंका होती, आणि परक्या राज्यात ती असणे स्वाभाविकच होते. वर्तमानपत्रांतून टीका झाली. विश्वेश्वरय्यांनी केवळ हुकमावर विसंबून न राहता बागायतदारांच्या भेटी घेतल्या, त्यांना हिशेब समजावून दिला. हळूहळू विरोध मावळला.

पुढील आयुष्य सर्वश्रुत आहे. १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर त्यांनी हैदराबादसाठी योजना आखली. १९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले व १९१२ ते १९१८ पर्यंत दिवाण होते. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले आणि १४ एप्रिल १९६२ रोजी, वयाच्या १०१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

दारांची कीर्ती झाली, वाटणीचा विसर पडला. तिघरा धरण १९१७ च्या ऑगस्टमध्ये फुटले, मोठी प्राणहानी झाली आणि ते पुन्हा बांधावे लागले. भिंत पुन्हा उभी करता येते. वाटून घेण्याची बुद्धी मात्र पिढीगणिक नव्याने रुजवावी लागते. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या नव्हे तर माणसांच्या संख्येवर द्यायचे, भूमिहीनालाही वाटा द्यायचा आणि ऊस घ्यायचा नाही, हे नियम तेथे गावकऱ्यांनी स्वतःहून पाळले. कृष्णा आणि कावेरीच्या पाण्यावरून मात्र राज्याराज्यांत अजूनही वाद होतात, आणि कमी पाण्याच्या प्रदेशात उसाचे क्षेत्र वाढतच गेले.

आज अवघ्या जगापुढे अन्नाचा प्रश्न आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ मध्ये भूक संपवण्यासाठी २०३० ची मुदत घालून घेतली. नवी बियाणी, नवी यंत्रे याकामी उपयोगी पडतील, यात संशय नाही. परंतु आपल्या वाट्यातले थोडे सोडायला आपण तयार आहोत काय, या प्रश्नाचे उत्तर कोणतेही यंत्र देणार नाही. अभियंता होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी १५ सप्टेंबरला विश्वेश्वरय्यांच्या धरणांबरोबरच नीरा कालव्यावरील बागायतदारांच्या त्या भेटींचेही स्मरण करावे.