उतारशाळेचा हिशेब

आपल्या परिपाठात आधी सुविचार, मग दिनविशेष आणि शेवटी बोधकथा असायची. स्मरणिकेसाठी तशीच एखादी कथा लिहून दे, पण आता आपण सगळे चाळिशी ओलांडलेले आहोत हे लक्षात ठेव, असं संपादक मंडळानं मला सांगितलं. परिपाठातल्या कथांत राजा, साधू, लाकूडतोड्या असायचे आणि त्या प्रार्थनेच्या रांगेत उभं राहूनही ऐकता यायच्या. मला मात्र एका खऱ्या बाईची गोष्ट सांगायची आहे. तिचं ठिकाण आपल्या रेल्वेमार्गावरच आहे. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड मागे पडलं की केडगाव लागतं. आपल्या बऱ्याच गाड्या तिथं थांबत नाहीत. शेंगाचटणी-भाकरीचा डबा उघडून बसलेल्या आपल्यापैकी किती जणांनी ती पाटी वाचली असेल, कोण जाणे! पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन त्या केडगावला आहे.

रमाबाईंकडे वळण्याआधी बायबलमधली एक जुनी गोष्ट आठवू या, कारण मला त्यांचं आयुष्य तिच्यातून समजलं. यरुशलेमहून यरीहोला निघालेल्या एका वाटसरूला चोर लुटतात आणि अर्धमेला करून टाकून जातात. देवळाची सेवा करणारे दोघे त्याच वाटेनं येतात आणि बाजूनं निघून जातात. मग एक शोमरोनी येतो. त्या काळच्या यहुद्यांना शोमरोनी माणूस हलका वाटायचा, त्याच्याशी ते व्यवहारही ठेवत नसत. हाच माणूस थांबतो, जखमा बांधतो. बोधकथा बहुधा इथं संपते आणि आपण बसून घेतो. मूळ गोष्ट मात्र पुढे जाते. तो जखमीला आपल्या जनावरावर घालून उतारशाळेत नेतो, रात्रभर त्याची काळजी घेतो, सकाळी मालकाच्या हातावर दोन नाणी ठेवतो आणि जास्त खर्च झाला तर परतताना देईन असं सांगून आपल्या कामाला जातो. मी इंजिनिअर असल्यामुळे असेल, पण मला त्या गोष्टीत सगळ्यात जास्त आवडतो तो हा उतारशाळेचा हिशेब. दया सगळ्यांनाच येते. उद्याच्या जेवणाचं काय, हा प्रश्न फार थोड्यांना पडतो.

रमाबाईंना तो पडला, कारण त्या स्वतः उपाशी राहिल्या होत्या. त्यांचा जन्म 23 एप्रिल 1858चा, पश्चिम घाटात गंगामूळ इथं. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना शास्त्रीमंडळींपुढे जाब द्यावा लागला होता. पुढे आईनं रमेला शिकवलं. भागवताचे हजारो श्लोक या मुलीला पाठ होते. घर असं नव्हतंच. तीर्थामागून तीर्थ करत, देवळात पुराण वाचत हे कुटुंब हिंडायचं. मग 1870च्या दशकातला मद्रास इलाख्यातला दुष्काळ आला. आधी वडील गेले, पाठोपाठ आई, मग मोठी बहीण. रमा आणि भाऊ श्रीनिवास उरले.

या दुष्काळाबद्दल रमाबाईंनी पुढे जे लिहिलं, त्यातली एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. घरात विद्या भरपूर होती, पण हातानं करायचं कुठलंही काम कोणाला येत नव्हतं. मजुरी करणं कुळाला शोभत नाही आणि भीक मागायची लाज वाटते, अशा कोंडीत ती माणसं उपाशी राहिली. दोघं भावंडं पुढे काश्मीरपासून बंगालपर्यंत पायी फिरली. पंजाबात झेलमच्या काठी थंडीत पांघरायला काही नव्हतं म्हणून दोघांनी वाळूत दोन खड्डे खणले, त्यात निजून डोकं तेवढं बाहेर ठेवलं आणि अंगावर वाळू ओढून घेतली. रमाबाईंना आयुष्यभर कमी ऐकू यायचं.

मधली वर्षं पटकन सांगते, ती कुठल्याही चरित्रात मिळतील. 1878 साली कलकत्त्यात विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. थोड्याच काळात भाऊ गेला. 1880 मध्ये त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जात मोडून नोंदणी विवाह केला. मुलगी झाली, मनोरमा. 1882 मध्ये पती गेले. चोविसाव्या वर्षाच्या आत आई, वडील, बहीण, भाऊ आणि नवरा गमावलेली ही बाई मुलीला कडेवर घेऊन पुण्यात आली. तिनं आर्य महिला समाज काढला आणि हंटर आयोगासमोर साक्ष देताना बायकांना बाई डॉक्टर आणि बाई शिक्षिका हव्यात असं सांगितलं.

1883 मध्ये त्या डॉक्टर व्हायला इंग्लंडला गेल्या. कानांमुळे ते जमलं नाही. तिथं वाँटेजच्या जोगिणींनी त्यांना लंडनजवळच्या फुलहॅममधलं एक घर दाखवलं. समाजानं वाईट चालीच्या म्हणून टाकलेल्या बायकांना तिथं ठेवून घेत, औषधपाणी करत, माणसात आणत. अशा बायकांसाठी कोणी घर बांधतं, हे रमाबाईंना नवं होतं. त्यांनी कारण विचारलं, तेव्हा येशू आणि विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट त्यांना वाचून दाखवली गेली. पाच नवरे झालेली, भर दुपारी एकटी पाण्याला आलेली ती बाई, आणि तिच्याकडे पाणी मागून तिच्याशी बरोबरीनं बोलणारा येशू. 29 सप्टेंबर 1883 रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

इकडे गहजब झाला. पण जे त्यांना धर्म सोडला म्हणून बोल लावत होते, त्यांना हे ठाऊक नसावं की तिकडे पाद्रीही त्यांच्यावर फारसे खूश नव्हते. चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात शिकताना आणि शिकवताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असा बिशपांचा आग्रह होता. तो त्यांना मान्य नव्हता. पुजाऱ्यांच्या आज्ञेतून सुटून दुसऱ्यांच्या आज्ञेत जायला मी आलेले नाही, असाच त्यांच्या पत्रांचा रोख आहे. त्यांनी मांसाहार केला नाही, आणि साडी सोडली नाही. मला हा हट्टीपणा त्यांच्या पदव्यांपेक्षा मोठा वाटतो.

1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत गेल्या आणि दोन वर्षांहून जास्त काळ राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, गावोगाव व्याख्यानं दिली, बालवाडीची पद्धत शिकून घेतली. बॉस्टनमध्ये त्यांच्या मदतीसाठी मंडळ स्थापन झालं आणि त्यानं दहा वर्षांच्या खर्चाची हमी दिली. ही दहा वर्षांची हमी म्हणजे शोमरोन्याची ती दोन नाणीच की! 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाली.

त्याच 1893 मध्ये वादळ उठलं. शारदा सदनात धर्मशिक्षण द्यायचं नाही असं ठरलं होतं. रमाबाई स्वतःच्या प्रार्थनेच्या वेळी खोलीचं दार बंद करत नसत आणि काही मुली आपणहून येऊन बसत. पुण्यातल्या वृत्तपत्रांनी हे धर्मांतराचं कारस्थान ठरवलं, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडलं, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. माझं मत विचाराल तर पालकांची भीती खोटी नव्हती. पोरवयातल्या निराधार मुलीला आसरा देणाऱ्या बाईचं आकर्षण वाटणारच, आणि पुढे केडगावला ख्रिस्ती धर्म उघडपणे शिकवला गेला. पण स्वतःच्या घरात दार लावून प्रार्थना करायला रमाबाई तयार नव्हत्या, हेही मला समजतं. ज्या मुली परत नेल्या, त्यांचं पुढे काय झालं याची चौकशी त्या अग्रलेख लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी केली असेल, हा माझा प्रश्न आहे.

हा प्रश्न मला आपल्या वर्गामुळे पडतो. आठवीतल्या आणि दहावीतल्या आपल्या वर्गाचे फोटो ग्रुपवर आले, तेव्हा मी मुली मोजल्या. दहावीच्या फोटोत पाच कमी आहेत. त्यातली एक माझ्या बाकावर बसायची. तिची आई विड्या वळायची आणि शाळेतून गेल्यावर हीसुद्धा मांडीवर सूप घेऊन बसायची. गणितात ती माझ्या पुढे होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आलीच नाही. लग्न झालं, एवढं कळलं. आम्हाला वाईट वाटलं आणि सहामाहीचे पेपर मिळाले. आपल्या बॅचच्या निधीतून शाळेला काय द्यावं यावर ग्रुपवर चर्चा चालू आहे. स्मार्ट बोर्ड चांगलाच आहे, मी त्याच धंद्यात आहे. तरी माझं मत दहावीनंतर गळणाऱ्या मुलींच्या वसतिगृहाच्या आणि मेसच्या खर्चाला आहे, आणि तेही एका वर्षापुरतं नाही.

1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या वाचून रमाबाईंना आपले वाळूतले दिवस आठवले आणि त्या निघाल्या. सरकारी छावण्यांत, रस्त्यांवर, देवळांबाहेर दलाल पोरी हेरत होते. रमाबाईंनी शेकडो मुली पुण्याला आणल्या. पण पुण्यात प्लेग होता, एवढी माणसं शहरात ठेवायला परवानगी नव्हती. केडगावला त्यांनी उत्पन्नासाठी शेतजमीन घेतलेली होती. तिथं तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या, विहिरी खणल्या गेल्या. त्याच सुमारास प्लेगच्या इस्पितळात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहून मुंबई सरकारलाही अंगावर घेतलं. 1900 मध्ये गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या आणि केडगावची वस्ती जवळजवळ दोन हजारांवर गेली.

दोन हजार माणसांचं रोजचं जेवण म्हणजे काय, याचा विचार करा. आपल्या स्नेहमेळाव्याच्या एका दिवसाच्या केटरिंगवरून ग्रुपवर किती मेसेज झाले! रमाबाईंनी खिचडी वाटून काम संपवलं नाही. शेती, दूधदुभतं, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, छपाई असं काही ना काही प्रत्येकीच्या हाताला दिलं. अंध बायकांसाठी बार्तमी सदन होतं. येशूनं दृष्टी दिलेल्या अंध भिकाऱ्याच्या नावावरून ते नाव. तिथं बोटांनी वाचायला आणि हातांनी काम करायला शिकवत. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन होतं, म्हणजे फुलहॅममध्ये पाहिलेलं ते घर आता दौंडाजवळ उभं होतं. ज्या घरात सगळ्यांना श्लोक पाठ होते पण कोणाला विणता येत नव्हतं, त्या घरातली ही मुलगी. केडगावात विद्या आणि हातमाग एकाच आवारात का होते, ते वेगळं सांगायला नको.

आता माझ्या सगळ्यात आवडीचा भाग. तेव्हाचं मराठी बायबल रमाबाईंना फार पंडिती वाटायचं. केडगावच्या मुलीला, जी काल अक्षर शिकली, तिला ते कळणार नाही असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळापासून सोपं भाषांतर करायला घेतलं. आम्ही सॉफ्टवेअरवाले बैठकीत दहा वेळा विचारतो की हे वापरणार कोण, आणि मग स्वतःला समजेल असंच करून मोकळे होतो. संस्कृतात वाद जिंकलेली ही बाई मात्र स्वतःचं पांडित्य बाजूला ठेवून एकेक सोपा शब्द शोधत वर्षानुवर्षं बसली. खिळे जुळवण्यापासून छपाई-बांधणीपर्यंत काम केडगावच्या बायकांनी केलं. देवनागरीची जोडाक्षरं धरली तर खिळ्यांच्या पेटीत शेकडो घरं असतात. काही वर्षांपूर्वी अन्नासाठी हात पसरलेल्या पोरी त्या घरांतून न बघता अचूक खिळा उचलायच्या.

मनोरमा परदेशात शिकून आईच्या हाताखाली आली. 1912च्या सुमारास रमाबाईंनी गुलबर्ग्याला शाळा काढली आणि ती मनोरमेकडे सोपवली. केडगावहून गुलबर्ग्याला जाणारी रेल्वे आपल्या सोलापुरावरूनच जाते. आपल्या स्टेशनात गाडी पाणी भरायला थांबली असेल आणि पांढऱ्या साडीतली, जरा कमी ऐकू येणारी एक बाई खिडकीशी बसली असेल, असं मला उगाच वाटतं.

संस्था पुढे मनोरमेनं चालवायची असं ठरलेलं होतं. 24 जुलै 1921 रोजी ती चाळिशीतच गेली. रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या, थकल्या होत्या, आणि जुन्या कराराची मुद्रितं तपासायची राहिली होती. त्यांनी ती तपासली. 5 एप्रिल 1922 रोजी केडगावलाच त्या गेल्या. संपूर्ण बायबल त्यांच्यामागे छापखान्यातल्या बायकांनी छापून पुरं केलं.